सात एटीएम, त्यातली चार जुनी : बदलायची, दुरुस्त करायची की बंद करायची?

बार्शीची_आयटीवाली

नमस्कार. बार्शीतल्या एका नागरी सहकारी बँकेत मी आयटी बघते. आयटी विभाग म्हणजे मी, एक कंत्राटी मुलगा आणि सगळ्या शाखांचे बिघडलेले प्रिंटर.

आमची सात एटीएम आहेत. तीन बरी आहेत. उरलेली चार २०११-१२ च्या सुमाराची. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेची मुदत गळ्याशी आली तेव्हा ती एक्सपीवरून विंडोज ७ वर आणली आणि तिथंच राहिली. यंदाच्या तपासणीत त्यावर शेरा आलाय. पुढच्या महिन्यात मंडळाच्या सभेपुढं विषय आहे, टिपणी मला लिहायची आहे.

मंडळात तीन मतं. अध्यक्षांना मुख्य शाखेत पैसे घेणारं आणि देणारं नवं रिसायकलर हवंय, पाडव्याला उद्घाटन. एक संचालक म्हणतात, आता चहावालासुद्धा क्यूआर दाखवतो, चारही बंद करून टाका. तिसरे आडत व्यापारी. ते म्हणतात, मार्केट यार्डातलं मशीन बंद केलंत तर मी राजीनामा देतो. (देणार नाहीत.)

चार जागा अशा : मार्केट यार्ड, एसटी स्टँडजवळचा गाळा, कॅन्सर हॉस्पिटलच्या रस्त्यावरची शाखा आणि वीसेक किलोमीटरवरच्या एका मोठ्या गावातली शाखा. त्या गावातल्या मशीननं जीव खाल्लाय. गेल्या महिन्यात ते अकरा दिवस बंद होतं आणि त्यातले चार दिवस बंद आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं. एका पेन्शनर आजोबांनी शाखेत येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

एका विक्रेत्याचा प्रस्ताव आहे की चारही मशीन नवी घ्या, सात वर्षांचा करार करा. दुसरा म्हणतो, आतला पीसी तेवढा बदलतो, निम्म्याहून कमी पैशात काम होईल. दोघंही सुटाबुटात येतात आणि दोघांचंही पटतं. प्रत्यक्ष मशीन उघडलेल्या, कॅश भरलेल्या माणसांकडून ऐकायचंय. टिपणीत नक्की काय लिहू?

---

चौथी_कॅसेट

मॅडम, सेकंड लाइन इंजिनीअर म्हणून अठरा वर्षं मी हेच केलं. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, जत असा पट्टा. पहिल्या फळीचा माणूस अडकलेली नोट काढतो, पावतीचा रोल बदलतो. त्याच्यानं झालं नाही की मला फोन. आता मिरजेत बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान टाकलंय, त्यामुळं कुठल्या कंपनीचं मीठ खात नाही. सरळ सांगतो.

टिपणी लिहायच्या आधी एक मल्टिमीटर घ्या आणि चारही जागी जाऊन न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात किती व्होल्ट येतात ते मोजा. हसू नका.

सांगोल्याच्या पुढं एका गावात (बँकेचं नाव नको) जुनं मशीन सारखं बंद पडतं म्हणून नवंकोरं बसवलं. नारळ फुटला, पेढे वाटले. चार महिन्यांत डिस्पेन्सरचं, म्हणजे नोटा मोजून बाहेर देणाऱ्या भागाचं, कंट्रोल कार्ड तीनदा गेलं. दोनदा मी कार्ड बदलून आलो. कॉल शीटवर सही-शिक्का, विषय संपला. तिसऱ्यांदा गेलो तर गावात लाईट नव्हती, म्हणून मागच्या बाजूला चिंचेखाली बसलो. समोर अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण. सहज उचललं तर खाली खड्डाच नाही! सिमेंटच्या चौकटीत मुरूम, त्यावर गुटख्याच्या पुड्या. हिरवी वायर भिंतीमागनं जाऊन शटरच्या पट्टीला गुंडाळलेली. लाईट आल्यावर मोजलं. एकोणीस व्होल्ट. आम्हाला तीनच्या आत लागायचे. गावच्या वायरमनला धरलं, खड्डा खणला, कोळसा, जाडं मीठ, तांब्याची पट्टी घातली, वर दोन घागरी पाणी. दोन व्होल्ट. नोकरी सोडेपर्यंत त्या मशीनच्या कार्डासाठी मला पुन्हा फोन आला नाही. आणि जे जुनं मशीन भंगारात घातलं, त्याला तरी काय धाड भरली होती?

उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं असतं. हे काम कुणाच्या करारात असतं सांगा. मशीनवाला म्हणतो जागा बँकेची, बँक म्हणते जागा मालकाची, मालक पुण्यात.

आता पीसी बदलायचा का. विक्रेत्याला एवढंच विचारा की तुमच्या मॉडेलमध्ये डिस्पेन्सर, कार्ड रीडर आणि कीपॅड पीसीशी यूएसबीनं बोलतात का. बोलत असतील तर नवा पीसी घालून विंडोज १० चढतं आणि मशीन आणखी चार-पाच वर्षं ओढतं. जुन्या वायरिंगचं असेल तर नाद सोडा. आणि कागदावर नुसतं 'विंडोज १०' लिहून घेऊ नका. साध्या विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडनं फुकट येणारे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनसाठीची दीर्घ मुदतीची आवृत्ती वेगळी येते, २०२१ ची आयओटी एलटीएससी, ती जानेवारी २०३२ पर्यंत आहे. पूर्ण नाव लिहून घ्या. नाहीतर तुमचीच २०१९ ची गोष्ट पुन्हा. रिझर्व्ह बँकेची मुदत जून २०१९, सगळ्यांनी धावतपळत सात टाकलं, आणि सातचा आधार १४ जानेवारी २०२० ला गेला. त्या वर्षी मी इतक्या मशीनवर सात चढवलं की झोपेत ती निळी पट्टी सरकताना दिसायची.

सुट्या भागांचंही विचारा. मॉडेल बनायचं थांबलं की सुटे भाग भंगारातल्या भावंडांकडनं येतात. माझ्या बॅगेतले निम्मे बेल्ट आणि नोट उचलायच्या रबरी वाट्या मेलेल्या मशीनच्या होत्या.

पण खोकं बदललं तरी नोट तुमच्या हातात नसते. ८ नोव्हेंबर २०१६ ला मी मंगळवेढ्यात होतो. कार्तिकी तोंडावर, वारकरी पाचशेच्या नोटा खिशात घेऊन पंढरपुरात. लोकांना वाटायचं, नव्या नोटा आल्या की मशीन चालू. जुनी पाचशेची १६७ बाय ७३ मिलिमीटर, नवी १५० बाय ६६. दोन हजारची १६६ बाय ६६. कॅसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या नोटांच्या डब्यात, गड्डी सरळ राहावी म्हणून दोन्ही अंगांना पट्ट्या असतात, त्या नोटेच्या मापाला आणाव्या लागतात. सात मिलिमीटर मोकळे राहिले की नोट तिरकी उचलली जाते, सेन्सरला वाटतं दोन आल्या, की सगळं रिजेक्ट बिनमध्ये. सॉफ्टवेअर मुंबईत बसून पाठवता येतं, स्क्रू ड्रायव्हर पाठवता येत नाही. देशात दोन लाखांवर मशीन आणि प्रत्येक मशीनपाशी एक माणूस जायला हवा. माझ्या वाट्याच्या मशीनपाशी मी. एका ठिकाणी रांगेतल्या बायांनी मला आत जाताना पाहून टाळ्या वाजवल्या, आणि पाऊण तासानं बाहेर आलो तेव्हा शिव्या दिल्या, कारण मशीन तयार होतं आणि कॅश आली नव्हती. मग २०१७ ला दोनशेची, १४६ मिलिमीटर. २०१८ ला जांभळी शंभराची, १४२. २०२३ ला दोन हजारची परत गेली आणि ती कॅसेट पुन्हा दुसऱ्या मापाची केली.

आता नवा नियम तुम्हाला माहीत असेलच. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के मशीनमधून निदान एका कॅसेटमधून शंभरच्या किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत, ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के. माझं इथलं नाव त्यावरनंच आहे. चार कॅसेटपैकी चौथी शंभरची, आणि मी जिथं जिथं मशीन उघडलं तिथं ती रिकामी. कारण साधं आहे. एका कॅसेटमध्ये समजा दोन हजार नोटा भरल्या. पाचशेच्या असतील तर दहा लाख, शंभरच्या असतील तर दोन लाख. व्हॅनचं भाडं दोन्हीला तेवढंच.

शेवटचं, चावी. लोखंडाची नव्हे. नवं मशीन बसवलं तरी त्यात पिन गुप्त ठेवणारी चावी भरल्याशिवाय ते स्विचशी, म्हणजे पैसे द्यायचे की नाही हे मशीनला सांगणाऱ्या यंत्रणेशी, बोलत नाही. बँकेच्या दोन अधिकाऱ्यांकडं दोन बंद लिफाफे, प्रत्येकात ३२ अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. एक भरत असताना दुसऱ्यानं बाहेर थांबायचं. जतकडच्या एका शाखेत एक साहेब चष्मा घरी विसरून आले. हा 'बी' आहे की आठ, हा 'डी' आहे की शून्य, असं करत अर्धा तास. शेवटी तपासणीचा आकडा जुळेना. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा जुळेना. तोवर दुसऱ्या साहेबांची साखरपुड्याला जायची वेळ झाली, ते लिफाफा खिशात घेऊन गेले. पुढची तारीख मिळेपर्यंत नऊ दिवस मशीन उभं, दारावर उद्घाटनाच्या झेंडूच्या माळा वाळलेल्या. आता चावी दुरून भरायची सोय असते. तुमच्या स्विचवाल्याकडं ती आहे का विचारा. नवं मशीन घ्यायचं तेवढं एक कारण मला मनापासून पटतं.

---

व्हॅन_नंबर_चार

कॅसेटवाल्या काकांनी सगळं सांगितलं, पण आमच्या गाडीत कधी बसले नाहीत वाटतं. मी कॅश भरणाऱ्या एजन्सीत कस्टोडियन होतो. गेल्या वर्षी सोडलं.

मॅडम, तुमच्या त्या गावातल्या मशीनची गोष्ट मी न बघता सांगतो. केंद्राच्या गृह खात्याचे नियम आहेत, फेब्रुवारी २०१९ पासून. शहरात रात्री नऊनंतर कॅश भरायची नाही, ग्रामीण भागात सहानंतर नाही. गाडीत ड्रायव्हर, दोन बंदूकवाले, दोन कस्टोडियन. पाच माणसं. आम्ही सकाळी बँकेतून कॅश उचलायला जातो, तिथं मोजून मिळेपर्यंत साडेअकरा-बारा. मग शहरातली मशीन आधी, कारण तिथं कॅश संपली की लगेच बोंब होते. तुमचं गाव रूटच्या शेपटाला. पाच वाजून गेले की ड्रायव्हर घड्याळ बघायला लागतो. सहाच्या आत पोचलो तर ठीक, नाहीतर उद्या. उद्या रविवार असेल तर परवा.

त्यात ओटीसी कुलूप. दर वेळी नवा आकडी कोड येतो, तो टाकल्यावर तिजोरी उघडते. चांगली गोष्ट आहे, पूर्वी एकच नंबर वर्षानुवर्षं चालायचा आणि चोरी झाली की संशय आमच्यावर. पण कोड फोनवर येतो. तुमच्या गावात मशीनच्या खोलीत रेंज आहे का? आमच्या एका साइटला नव्हती. एक जण समोरच्या देवळाच्या पायरीवर उभा राहून कोड ऐकायचा आणि ओरडून सांगायचा नाही म्हणून पळत आत यायचा. तेवढ्यात मुदत संपायची.

१ ऑक्टोबर २०२१ पासून नियम आहे की महिन्यात दहा तासांपेक्षा जास्त वेळ मशीनमध्ये कॅश नसेल तर बँकेला मशीनमागं दहा हजार दंड. दंड बँकेला. मग बँक तो एजन्सीकडनं कापायचा बघते, एजन्सी आमच्या पगारातनं. जुनं मशीन असो नाहीतर नवं.

रिसायकलरबद्दल. अध्यक्ष मुख्य शाखेत बसवणार म्हणतात. का? मुख्य शाखेत काउंटर आहे. ते मार्केट यार्डात बसवा. आडतवाले संध्याकाळी रोकड भरणार, तीच रोकड सकाळी शेतकरी आणि हमाल काढणार. आमची फेरी निम्मी होईल. एकच आहे, यार्डातल्या नोटा घामानं, मातीनं भरलेल्या असतात, मशीन थुंकत बसतं. दिवसातनं एकदा आतली रिजेक्ट कॅश काढायला शाखेचाच माणूस ठेवा, एजन्सीवर टाकू नका.

---

पांढरी_काठी

मी दृष्टिहीन आहे, शाळेत शिकवतो. माझा मुद्दा एकच आहे आणि तो कुठल्याच प्रस्तावात नसतो म्हणून लिहितोय.

१ जुलै २०१४ पासून बसवलेलं प्रत्येक नवं एटीएम बोलणारं आणि ब्रेल कीपॅडचं असलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तुमची चार त्याच्या आधीची. म्हणजे ती बदलली तर माझ्यासारख्यांचा फायदा आहे, असं वाटेल. माझा अनुभव सांगतो. आमच्या इथं जुनं मशीन होतं, बटणं कुठं आहेत मला पाठ होतं. आधी उजवं खालचं, मग आकडे, मग हिरवं. गुळगुळीत पडद्याचं नवं मशीन आलं. इअरफोनचं भोक होतं, त्यात इअरफोन घातला, काही नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा, काही नाही. तक्रार केली तर माणूस आला आणि म्हणाला, सर, आवाज मशीनमध्ये आहे पण स्विचकडून चालू केलेला नाही, तो वेगळा विषय आहे. मग चालू झाला तेव्हा मराठी निवडल्यावर सूचना मराठीत आणि रक्कम हिंदीत. 'तुम्ही मागितलेली रक्कम, दो हज़ार पाँच सौ.' हसलो आणि पैसे घेतले.

मशीन ताब्यात घेताना कुणीतरी डोळे मिटून, इअरफोन लावून पाचशे रुपये काढून बघावेत. आयटीवाल्यांनीच. पाच मिनिटं लागतात.

---

स्विचवाला_पुणे

वरच्या सगळ्यांनी मशीनजवळचं लिहिलंय, मी मशीनच्या मागचं लिहितो, थोडक्यात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी गेले. २८ देशांत कार्डं घासली गेली. एकाही एटीएमला कुणी हातोडा लावला नाही. मशीन विचारतं, 'देऊ का?' आणि बँकेचा स्विच सांगतो, 'दे.' चोरांनी मध्ये आपला खोटा स्विच उभा केला, तो सगळ्यांना 'दे' म्हणत राहिला. मशीन नवं असतं तरी त्यानं नोटा दिल्याच असत्या, उलट जरा पटापट.

तुमच्यासारख्या बँकेचा स्वतःचा स्विच नसतो, सेवा देणाऱ्या कंपनीचा असतो, आणि एनएफएसमध्ये, म्हणजे सगळ्या बँकांची एटीएम जोडणाऱ्या देशभरच्या जाळ्यात, तुम्ही मोठ्या बँकेच्या आधारानं उपसदस्य असता. म्हणजे तुमच्या मशीनपासून पैशांपर्यंत तीन-चार दारं, आणि त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या घराची. ३१ डिसेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं या स्विच कंपन्यांसाठी सुरक्षेचे नियम काढले आणि ते करारात घाला असं बँकांना सांगितलं. तुमचा करार उघडून बघा त्यात ते आहेत का. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच एका सेवा पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला, हे जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला तात्पुरतं वेगळं काढलं आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांना त्या काळात पैसे काढता-पाठवता येईनात. त्या बँकांची स्वतःची काही चूक नव्हती.

नवीन मशीनला मंजूर यादीबाहेरचा प्रोग्रॅम चालू न देणारं कुलूप, म्हणजे व्हाइटलिस्टिंग, असणारच. ते दुरुस्तीच्या दिवशी कोण उघडणार आणि कोण पुन्हा लावणार, हे लिहून घ्या. आमच्या माहितीतल्या एका ठिकाणी कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरसाठी उघडलं आणि आठ महिने तसंच राहिलं.

---

निवृत्त_शाखाधिकारी_६३

'बंद करा' म्हणणाऱ्या संचालकांसाठी एक हिशेब देतो, सभेत वाचून दाखवा.

१ मे २०२५ पासून दुसऱ्या बँकेच्या मशीनवर आपल्या ग्राहकानं पैसे काढले की आपली बँक त्या बँकेला दर व्यवहाराला १९ रुपये देते, वर जीएसटी. नुसती शिल्लक बघितली तरी ७. ग्राहकाला मेट्रो शहरांबाहेर महिन्याला पाच व्यवहार फुकट, पण बँकेला पहिल्यापासून पैसे लागतात. आता एसटी स्टँडच्या मशीनवर महिन्याला तुमचेच ग्राहक समजा दीड हजार वेळा पैसे काढत असतील. मशीन बंद केलं, ते सगळे समोरच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या मशीनवर गेले. साडेअठ्ठावीस हजार रुपये. गाळ्याचं भाडं, लाईट, कॅशची फेरी यांच्याशेजारी हा आकडा मांडा, मग ठरवा.

उलट बाजूही आहे. कॅन्सर हॉस्पिटलच्या रस्त्यावरचं मशीन. तिथं बाहेरगावचे नातेवाईक येतात, कार्डं दुसऱ्या बँकांची. तिथं १९ रुपये तुम्हाला मिळतात. आणि त्यांना औषधाच्या दुकानात, रिक्षाला, डब्याला सुटे लागतात, पाचशेची नोट नको असते. शंभरची कॅसेट भरायची तर तिथं भरा. चारही मशीन एका ओळीत लिहूच नका टिपणीत, चारांचे चार कागद करा.

(माझ्या शाखेतलं मशीन २००७ चं होतं. त्याच्यावर मी गणपतीत हार घालायचो. एकदाही बंद पडलं नाही असं म्हणणार नाही, पण गणपतीत कधी नाही.)

---

बार्शीची_आयटीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं विक्रेत्यांच्या दहा सादरीकरणांत कळलं नव्हतं.

काका, मल्टिमीटर घेतला. आमच्या कंत्राटी मुलाला वापरता येतो, मला यायला लागला. शनिवारी चारही ठिकाणी गेलो.

हॉस्पिटल रोड : १.८. यार्ड : ४.५. तिथल्या खड्ड्यात पाणी ओतल्यावर २.६, हमाल बघायला जमले, एकानं विचारलं झाड लावलंय काय. स्टँड : ३.१. मशीन उघडून मॉडेल बघितलं, चारांपैकी तीन यूएसबीवाली निघाली, स्टँडचं नाही.

आणि गाव : १४. पुन्हा मोजलं, १४. खड्डा शोधायला शाखेच्या मागं गेलो तर तिथं खड्डा नाहीच. शिपाई म्हणाला, मॅडम, होता ना, आता पेव्हर ब्लॉकच्या खाली गेला. दोन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीनं तो बोळ पेव्हर ब्लॉकचा केला आणि खड्ड्यावरनं ब्लॉक बसवले. त्या मशीनची कार्डं कधीपासून जायला लागली ते नोंदवहीत पाहिलं. दोन वर्षांपूर्वीपासून. त्याआधीच्या वर्षात एक तक्रार, तीही पावतीच्या रोलची.

बंद पडल्याचं चार दिवस का कळलं नाही तेही सापडलं. मशीन बंद असल्याचा संदेश रोज येत होता, पण ज्या ईमेलवर येत होता ते साहेब मार्चमध्ये निवृत्त झाले.

व्हॅनवाले दादा, खोलीत रेंज नाही. दाराबाहेर पायरीवर आहे. तुम्ही आमच्याच रूटवर होता का?

टिपणीत आता असं लिहितेय : स्टँडचं नवं, गाव आणि हॉस्पिटल रोडला पीसी बदल, यार्डात रिसायकलर आणि तिथलं जुनं मशीन सुट्या भागांसाठी ठेवायचं. अध्यक्षांना यार्डातलं उद्घाटन चालेल का ते आडतवाल्या संचालकांनाच विचारायला सांगितलंय.

अडचण एकच. ग्रामसेवक म्हणतात, पेव्हर ब्लॉक सरकारी निधीतले आहेत, उचलायचे तर मासिक सभेत ठराव लागेल. सभा २८ तारखेला.

---

चौथी_कॅसेट

ठरावाची वाट बघू नका. शाखेच्या पुढच्या अंगाला स्वतःच्या जागेत दोन फूट मोकळी जमीन असली तरी चालतं, तिथं नवा खड्डा घ्या. नळाच्या पाइपपासून लांब. कोळसा किराणा दुकानात मागाल तर मिळणार नाही, गावात लोहार असेल त्याच्याकडं पोतंभर मिळतो. मीठ जाडं घ्या, आयोडिनवालं पाकीट आणाल. आणि झाकणावर ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या निधीत तेही जाईल.